ठासणीची बंदूक, गोल गोळी आणि निवडीचा विवेक



आपल्या या व्याख्यानांमध्ये निवड म्हणजे काय, साध्य आणि साधन यांचं नातं काय, यावर आपण बरंच बोललो. पण बोललो ते सगळं हवेतलं. गेल्या वेळी प्रश्नोत्तरांच्या वेळी एक बाई म्हणाल्या, "सर, एकदा एखादं उदाहरण अगदी शेवटपर्यंत नेऊन दाखवा, मध्येच सोडू नका." सूचना रास्त आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेतो आणि त्याच्या तळापर्यंत जातो. ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्या माणसाने शिशाची गोल गोळी कशी निवडावी, हे ते उदाहरण. (हशा)

हसू येणं साहजिक आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा आणि शिशाच्या गोळीचा काय संबंध? संबंध असा, की माझी नोकरीची बरीच वर्षं अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात गेली. तिथे हरणाचा हंगाम म्हणजे आपल्याकडचा सणच. कित्येक शाळा हंगामाच्या पहिल्या सोमवारी सुट्टी द्यायच्या. माझ्या नीतिशास्त्राच्या वर्गातली निम्मी बाकं त्या आठवड्यात रिकामी असायची. ही मुलं करतात काय, हे समजून घ्यायला मी त्यांच्या चांदमारीच्या मैदानावर जायला लागलो आणि मग ठासणीच्या बंदुकीची गोडी लागली. कागदावर मी पुष्कळ बार काढले आहेत, हरणावर एकही नाही. तेव्हा शिकाऱ्याची फुशारकी माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसा असावा, असंच माझं मत आहे. अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अनेक भागांत इतकी आहे, की जंगलात नवी रोपटी वर येत नाहीत. लांडगा आणि प्यूमा तिथून केव्हाच संपले. राज्य सरकार परवाने देतं, हंगाम ठरवतं, संख्या ठरवतं. शिकार मुळात योग्य की अयोग्य, हा प्रश्न मोठा आहे आणि तो आज मी सोडवणार नाही. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: ज्याने शिकार करायचं ठरवलं आहे, त्याच्यावर साधन निवडताना कोणती जबाबदारी येते?

आधी बंदूक समजून घेऊ

ठासणीची बंदूक म्हणजे काय, तर जिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर गोळी ठेवायची आणि लाकडी किंवा धातूच्या गजाने ती खाली दारूपर्यंत ठासायची. चकमकीची बंदूक असेल, तर बाहेरच्या लहानशा पाळीत रंजक टाकायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी पडते, रंजक पेटते आणि तो जाळ कानातून आत जाऊन बार उडतो. तोफेचा कान, रंजक, गज, बार हे सगळे शब्द आपल्या बखरींतले आहेत. 'फुसका बार' आपण रोज म्हणतो, पण तो कुठून आला हे विसरलो आहोत. रंजक पेटते आणि आतली दारू पेटतच नाही, असं या बंदुकीत खरोखर होतं.

पेनसिल्व्हेनियाने १९७४ साली खास चकमकीच्या बंदुकीसाठी हरणाचा वेगळा हंगाम सुरू केला. तो नाताळनंतर येतो, ऐन थंडीत आणि बर्फात. बंदूक किमान .४४ कॅलिबरची असावी, असा तिथला नियम. बाकीच्या राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलतातही. म्हणून निवडीची पहिली पायरी तत्त्वज्ञानाची नसून कायद्याची आहे: ज्या राज्यात जायचं, त्या राज्याचं त्या वर्षीचं नियमपुस्तक आधी वाचायचं.

गोल गोळीला एकच मोठेपणा असतो

आता मुख्य मुद्दा. आजकालची बंदुकीची गोळी लांबट असते. तिचं वजन वाढवायचं असेल तर जाडी तीच ठेवून लांबी वाढवता येते. गोल गोळीला ही सोय नाही. गोल म्हणजे गोल. तिचं वजन वाढवायचं तर व्यास वाढवावा लागतो, म्हणजे बंदूकच मोठ्या तोंडाची घ्यावी लागते. त्यामुळे गोळी निवडणं आणि बंदूक निवडणं या दोन गोष्टी इथे जवळजवळ एकच होतात.

शिसं तेच ठेवलं आणि व्यास दुप्पट केला, तर समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात आकारमानाबद्दलचा हा विचार मांडला होता. हवा गोळीला अडवते ती तिच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि गोळी त्या अडथळ्याला तोंड देते ती आपल्या वजनाच्या जोरावर. वजन क्षेत्रफळापेक्षा वेगाने वाढतं, म्हणून मोठी गोळी आपला वेग जास्त वेळ टिकवते.

आकडे घेऊन बघू. .४५ च्या बंदुकीत साधारण .४४० इंच व्यासाची गोळी जाते, तिचं वजन सुमारे १२८ ग्रेन, म्हणजे ८.३ ग्रॅम. .५० च्या बंदुकीत .४९० इंचाची गोळी, वजन १७७ ग्रेन, साडेअकरा ग्रॅम. .५४ मध्ये .५३० इंचाची गोळी, वजन २२४ ग्रेन, साडेचौदा ग्रॅम. .५८ मध्ये .५७० इंचाची, २७८ ग्रेन, १८ ग्रॅम. .४५ कडून .५४ कडे जाताना व्यास वाढला फक्त वीस टक्के, वजन मात्र पंचाहत्तर टक्क्यांनी वाढलं. डोळ्याला दोन्ही गोळ्या गोट्यांसारख्याच दिसतात. तळहातावर ठेवल्या की फरक लगेच कळतो.

आपल्याकडे 'बारा बोअरची बंदूक' हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. बारा कशाचे? एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणजे जुन्या माणसांनी बंदुकीचं मापच गोल गोळीच्या वजनावरून ठरवलं होतं. या हिशेबाने .५० ची गोळी पौंडाला सुमारे चाळीस बसते आणि .५४ ची एकतीस.

हवा किती अडवते

बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफखान्यावर एक पुस्तक लिहिलं. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडायची, ठोकळा किती झुलला ते मोजायचं आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, अशी त्याची युक्ती. त्यातून कळलं, की वेगवान गोळीला हवा जितकी अडवते असं लोक समजत होते, त्यापेक्षा कितीतरी जास्त अडवते. हा रॉबिन्स पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत आपल्याच देशात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

गोल आकार हवेत जाण्याच्या दृष्टीने वाईटच. .५० ची गोळी नळीतून सेकंदाला १८०० फुटांच्या वेगाने निघाली, तर १०० यार्डांवर तिचा वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलेला असतो, म्हणजे जवळजवळ ध्वनीच्या वेगावर येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ऊर्जा उरते ती एक तृतीयांशाच्या आसपास. वारा आडवा असेल तर १०० यार्डांवर गोळी वीतभर सहज सरकते.

यावर नवशिक्याचा तोडगा ठरलेला: दारू वाढवा! पण जितका वेग जास्त, तितका हवेचा अडथळाही जास्त. दारू वाढवून नळीच्या तोंडाशी कमावलेला वेग शंभर यार्ड जाईपर्यंत बराचसा हवेतच विरतो. हाती उरतो तो खांद्याला बसणारा धक्का आणि बिघडलेला नेम. शिवाय प्रत्येक बंदुकीला बनवणाऱ्याने ठरवून दिलेली कमाल मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. या बंदुकीत फक्त काळी दारू किंवा तिच्या जागी चालणारी, बनवणाऱ्याने मान्य केलेली पर्यायी दारूच घालायची. हल्लीची बिनधुराची दारू घातली तर नळी फुटते आणि माणसाचा हात, डोळा, कधी जीवही जातो. इथे तडजोडीला जागा नाही.

दूरच्या हरणासाठी जास्त दारू हा उपाय नव्हे. उपाय दोनच: गोळी मोठी घ्या आणि जवळ जा.

गोळी काम कशी करते

हा भाग ऐकायला जड जाईल, पण टाळता येणार नाही. गोल गोळी प्राण्याला कशी मारते? आधुनिक वेगवान गोळीसारखा धक्क्याचा परिणाम हिच्यात फारसा नसतो. ही गोळी भोक पाडते. ते भोक फुप्फुसांतून किंवा हृदयातून गेलं, तर रक्तस्राव होऊन प्राणी थोड्याच सेकंदांत कोसळतो. ते दुसरीकडे कुठे गेलं, तर हरीण पळतं, रात्रभर बर्फात तडफडतं, आणि पुष्कळदा सापडत नाही.

मऊ शिशाची गोळी अंगात शिरताना चपटी होते, म्हणजे भोक मोठं होतं. जवळून वेग जास्त असतो, तेव्हा ती जास्त चपटी होते. लांबून ती जवळजवळ गोलच राहते. म्हणून मुळातला व्यास महत्त्वाचा. .५४ ची गोळी शिरण्याआधीच जेवढी रुंद असते, तेवढं व्हायला हल्लीच्या .३० च्या गोळीला आत जाऊन फुलावं लागतं. मोठी गोळी बहुधा आरपार जाते आणि दोन्ही बाजूंनी रक्त पडलं की जखमी प्राण्याचा माग काढणं सोपं जातं.

यावरून निवड कशी होते बघा. .३२ आणि .३६ च्या बंदुका खारी आणि सशांसाठी, त्यांचा हरणाशी संबंध नको. .४५ ही हरणासाठी खालची मर्यादा समजावी. ती चालते, पण जवळून, हरीण आडवं उभं असताना, आणि नेम पक्का असेल तरच. .५० सगळ्यात प्रचलित आहे आणि पुरेशी आहे. .५४ मध्ये थोडी जास्त मोकळीक मिळते. .५८ हरणाला पुरून उरते, पण गोळी जड असल्यामुळे धक्काही मोठा. मला कोणी एकच सांगा म्हणालं, तर मी .५४ म्हणेन. पण ज्याच्याकडे .५० आहे त्याने नवी बंदूक घ्यायची काही गरज नाही. त्याने दहा पावलं जास्त जवळ जावं.

इतिहासही हेच सांगतो. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या, लहान तोंडाच्या रायफली घडवल्या. जंगलात राहणाऱ्यांना शिसं आणि दारू पुरवून वापरावी लागे. पुढे लोक पश्चिमेकडे सरकले, समोर एल्क, गवे आणि अस्वलं आली, तेव्हा सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या बंदुका आखूड, जड आणि मोठ्या तोंडाच्या झाल्या. सावजाप्रमाणे साधन बदललं.

चिंधी, आटे आणि शिसं

आता बारीक तपशील. .५० च्या नळीत .४९० ची गोळी, म्हणजे गोळी नळीपेक्षा लहान. मधली जागा कशाने भरते? तेल-चरबी लावलेल्या सुती चिंधीने. चिंधीची नेहमीची जाडी .०१० ते .०२० इंच. .४९० ची गोळी आणि .०१५ ची चिंधी ही .५० साठी सुरुवात करायला चांगली जोडी आहे. गादीपाटासारखं घट्ट विणीचं कापड उत्तम. टेरिकॉट किंवा कुठलंही कृत्रिम धाग्याचं कापड नको, ते वितळतं. ओंगण म्हणून प्राण्याची चरबी, मेण, वनस्पती तेल असं काहीतरी लावावं. यंत्राचं खनिज ग्रीस काळ्या दारूशी मिळून डांबरासारखं चिकट होतं. चांदमारीत लोक चिंधी थुंकीने ओली करतात, तिथे ते चालतं. पण जंगलात भरलेली बंदूक तासन् तास तशीच राहते. थुंकी वाळते, नाहीतर दारूला ओल देते.

नळीच्या आत आटे असतात, ते चिंधीला धरतात आणि चिंधी गोळीला फिरवते. गोल गोळीला फार फिरण्याची गरज नसते. ६६ ते ७० इंचांत एक फेरा, असे संथ आटे तिला मानवतात. ४८ इंचांत एक फेरा हा मधला मार्ग आहे. १९७० साली बाजारात आलेल्या थॉम्प्सन सेंटर कंपनीच्या हॉकन रायफलीने तो घरोघरी नेला. २८ इंचांत एक फेरा असलेल्या बंदुका लांबट गोळ्यांसाठी असतात, त्यांचे आटेही उथळ असतात. त्यात गोल गोळी घातली आणि दारू जास्त झाली, की चिंधी आट्यांवरून घसरते आणि गोळी भरकटते. अशी बंदूक असेल तर दारू कमी ठेवून बघावं, किंवा गोल गोळीचा हट्ट सोडावा.

शिसं शुद्ध आणि मऊ हवं. नखाने ओरखडा उमटतो का, ही साधी परीक्षा. गाडीच्या चाकांना लावायच्या जुन्या वजनांत अँटिमनी आणि कथील मिसळलेलं असतं. त्याची गोळी दिसायला छान, पण कडक. ती ठासायला त्रास देते आणि अंगात शिरल्यावर चपटी होत नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. (हशा)

घरी गोळ्या ओतायच्या असतील तर शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. वारा खेळता हवा, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि पाण्याचा थेंबही जवळ नको, कारण पाणी पडलं की वाफ होऊन शिसं उसळतं. भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही. प्रत्येक गोळी वजन करून बघावी. जी हलकी भरते तिच्यात हवेचा पोकळ बुडबुडा आहे असं समजून ती परत भांड्यात टाकावी. ओतलेल्या गोळीला जिथे शेपटीची खूण राहते, ती बाजू ठासताना बरोबर मध्यभागी वर ठेवावी. कारखान्यातल्या दाबून केलेल्या गोळ्यांना ही खूण नसते, त्यामुळे नवशिक्याला त्या बऱ्या.

आणि शिसं हे विष आहे, हे विसरून चालणार नाही. गोल गोळीचे तुकडे वेगवान गोळीपेक्षा कमी उडतात, पण उडतच नाहीत असं नाही. जखमेभोवतालचं मांस हात राखून न ठेवता कापून टाकावं, लहान मुलांच्या ताटात तर ते मुळीच जाऊ नये. जंगलात टाकलेली आतडी गिधाडं आणि गरुड खातात. कॅलिफोर्नियाच्या काँडर गिधाडांवर शिशाने जी पाळी आणली ती जगजाहीर आहे. त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. तिथे बिस्मथच्या मिश्रधातूच्या गोळ्या वापरतात. त्या हलक्या आणि कडक असतात, म्हणून त्यांचं अंतर आणखी कमी धरावं.

एका वेळी एकच गोष्ट बदला

पुस्तकात लिहिलेली जोडी तुमच्या बंदुकीला आवडेलच असं नाही. प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. मग शोधायचं कसं? इथे आपलं तर्कशास्त्र कामाला येतं. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक आठवा, किंवा मिलने १८४३ मध्ये सांगितलेली फरकाची पद्धत आठवा. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची. गोळी तीच, चिंधी तीच, दारू ७० ग्रेन. पाच बार काढा. मग फक्त दारू ८० करा. मग दारू तीच ठेवून चिंधी बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर नेम कशाने सुधारला हे कधीच कळणार नाही. इथे एक खुलासा: गोळीचे ग्रेन वजनाचे, दारूचे ग्रेन मापाने भरायचे. शब्द एक, अर्थ दोन. तत्त्वज्ञानातली निम्मी भांडणं अशीच होतात.

प्रत्येक बारानंतर बंदुकीपुढे पडलेली चिंधी उचलून वाचा. हो, वाचाच. मधोमध जळून भोक पडलं असेल, तर चिंधी पातळ आहे किंवा ओंगण कमी आहे. कडा कापल्यासारख्या असतील, तर आटे धारदार आहेत किंवा गोळी फार घट्ट आहे. चिंधी अखंड, मध्ये काळा डाग आणि कडेला आट्यांच्या खुणा, म्हणजे जोडी जुळली.

गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. भरलेल्या आणि रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत येतो, याच्या दोन खुणा गजावर करून ठेवाव्यात. जोडी इतकीही घट्ट नको, की पहिल्या बारानंतर काजळी धरलेल्या नळीत दुसरी गोळी जाणारच नाही. जखमी हरणाला दुसरा बार लागला तर?

आणि एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. चांदमारीत आपण पाच बारांचा घोळका बघतो, सरासरी बघतो. शिकारीत सरासरी नसते. तिथे असतो एकच बार, थंड आणि स्वच्छ नळीतून सुटलेला पहिला. म्हणून सात-आठ वेगवेगळ्या दिवशी जा, दर दिवशी पहिला एकच बार एकाच कागदावर मारा आणि तो कागद जपून ठेवा. सामान्य नियम कितीही माहीत असला, तरी कृती नेहमी विशिष्ट प्रसंगात घडते, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं त्या कागदावर डोळ्यांना दिसतं.

अंतर ही सुद्धा निवडच आहे

हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंच, जेवणाच्या कागदी ताटलीएवढा. ज्या अंतरावरून तुमचे ते पहिले बार सगळेच्या सगळे त्या ताटलीत पडतात, ते तुमचं अंतर. बाकावर बंदूक टेकून नव्हे, तर शिकारीत जसे उभे राहाल किंवा गुडघा टेकाल, तसे. पुष्कळांचं ते ५० यार्ड निघतं, चांगल्या हातांचं ७५. गोळी १०० यार्डांवरही मारू शकते, पण प्रश्न गोळीचा नाही, तुमचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ॲरिस्टॉटल म्हणतो, की माणूस साध्याबद्दल खल करत नाही, साधनांबद्दल करतो. रोग्याला बरं करावं का, यावर वैद्य विचार करत बसत नाही. कसं बरं करावं, यावर करतो. इथे साध्य काय? मांस मिळवणं एवढंच असतं, तर आधुनिक रायफल सोपी होती. दोनशे वर्षांपूर्वीची बंदूक माणूस मुद्दाम हातात घेतो, तेव्हा तो स्वतःवर मर्यादा घालून घेत असतो. स्पेनचा तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने १९४२ मध्ये शिकारीवर एक दीर्घ निबंध लिहिला. शिकारी आपलं सामर्थ्य आवरतो, सावजाला निसटायची संधी ठेवतो, आणि त्यातच शिकार हा केवळ संहारापेक्षा वेगळा प्रकार ठरतो, असा त्यातला एक विचार.

मला हा विचार अर्धाच पटतो. मर्यादा कोणी घालून घेतली आणि तिची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न ओर्तेगाच्या पुढे जाऊन विचारायला हवा. शिकारी जवळ जातो, थंडीत तासन् तास बसतो, सत्तर यार्डांवरचं हरीण जाऊ देतो, रिकाम्या हाताने घरी येतो. इथे किंमत शिकारी मोजतो, आणि ती मर्यादा खरी आहे. पण लहान गोळी, कडक शिसं, न तपासलेली चिंधी, आणि 'बघू, लागली तर लागली' म्हणून १२० यार्डांवरून सोडलेला बार, इथे किंमत मोजतं हरीण. माणसाच्या हौसेची शिक्षा प्राण्याला. जुन्या काळची बंदूक वापरतो म्हणून जखमा करण्याची मुभा मिळत नाही. उलट साधन दुबळं असेल, तितका विवेक जास्त लागतो.

अहिंसेचं मोठं व्रत ज्याने घेतलं नाही, त्यालाही हिंसा कमीत कमी करण्याचं कर्तव्य सुटत नाही. आपल्याकडे लोकांना वाटतं, की नीती म्हणजे हो किंवा नाही. शिकार करायची की नाही, एवढं ठरलं की नीती संपली. नीती त्यानंतरच्या शंभर बारीक निर्णयांतही असते. .४४० की .५३०, शिसं मऊ की कडक, चिंधी वाचली की नाही, पन्नास की शंभर. दिसायला हे मापाचे प्रश्न, पण प्रत्येकाच्या टोकाशी एक जिवंत प्राणी उभा आहे.

म्हणून थोडक्यात सांगतो, ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी घ्या. राज्याचा नियम आधी वाचा. हरणासाठी .५० किंवा .५४ घ्या, .४५ असेल तर अंतर कमी करा. गोळी नळीपेक्षा साधारण एक शतांश इंच लहान, शुद्ध मऊ शिशाची. जिथे शिशाला बंदी आहे तिथे पर्यायी धातूची. सुती चिंधी, बिनखनिज ओंगण. आटे संथ. दारू बनवणाऱ्याच्या मर्यादेच्या आत, आणि जिथे नेम सगळ्यात घट्ट बसतो तिथे थांबवा. पहिल्या बारावरून आपलं अंतर ठरवा. त्या अंतरापलीकडे हरीण उभं असेल, तर चापावरचं बोट काढा. बार सुटल्यावर हरीण दिसेनासं झालं तर लगेच मागे धावू नका, अर्धा तास थांबा, मग माग काढा, आणि तो सापडेपर्यंत सोडू नका.

पुढच्या वेळी आपण स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ, म्हणजे कोणाला हसू येणार नाही. आता प्रश्न विचारा.